हरवायचं काम

मनगटातलं स्टीलचं कडं थंडगार लागत होतं. हजला जाणाऱ्यांच्या हातात असतं तसल्या त्या कड्यावरचा नंबर हुस्नाबीला वाचता येत नव्हता, आणि येत असता तरी आज तिनं तो वाचायचा नव्हताच — आज ती हरवलेली बाई होती. राजुरीच्या शाळेमागे, कांद्याच्या वखारीच्या सावलीत बसून राहायचं, कुणी आलं की गोंधळल्यासारखं करायचं. हजला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळायला मकबूल मास्तर दरवर्षी पोरापोरींना तयार करत, आणि दरवर्षी हरवायला हुस्नाबीच लागे. "तुमच्यासारखं कुणाला हरवता येत न्हाई, खाला," ते म्हणत, आणि ती पदराआड हसे.

तिला आवडायचं ते. कुणीतरी आपल्याला शोधत येणार... धापा टाकत, हाका मारत...

तरन्नुम आली. ओढणी विस्कटलेली, चेहरा लाल. यंदा ती आईवडलांबरोबर हजला निघणार होती. गावातल्या म्हाताऱ्या बायका तिच्या हवाली करायच्या की नाहीत, हे आज ठरणार होतं. आधी कडं बघायचं, नंबर वाचायचा, हात धरून पटांगणातल्या तंबूकडे न्यायचं — असं शिकवलेलं. ती मात्र शेजारी मातीत फतकल मारून बसली.

"खाला, लई घाबरलात का?"

हा प्रश्न ठरलेला नव्हता. रडायचं सोंग राहूनच गेलं, आणि कुठून कोण जाणे बेल्ह्याचा बाजार डोळ्यांपुढे आला — ती नवी नवरी, डोक्यावर पाटी, पुढे चालणारा नवरा, ज्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. मग गर्दीत त्याची पाठच दिसेनाशी झाली, आणि ती वाट विचारत विचारत दिवेलागणीला घरी पोचली, तर तो भाकरी खात बसलेला. "आलीस?" एवढंच म्हणाला. वाईट नव्हता तो... शोधायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"घाबरले व्हते गं," ती म्हणाली. "लई."

तरन्नुमनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कडं बघितलंच न्हाई!" मास्तर भिंतीआडून ओरडत आले. "तिकडं लाखो माणसं, पोरी. असं बसून कसं चालंल? खाला, तुमीच सांगा, हिच्या भरवशावर बायका सोडायच्या का?"

मास्तरांचं खोटं नव्हतं. तरन्नुमनं मान खाली घातली.

"उद्या परत हरवते की मी," हुस्नाबी म्हणाली. "उद्या ती आधी कडं बघंल. आन् मग बसंल."

मास्तर तरन्नुमला घेऊन गेले. आता दुसरं कुणी येणार होतं. हुस्नाबी गोंधळल्यासारखं करू पाहत होती, पण आत कुठं गोंधळ सापडेना — नुसतं ऊन, कांद्याचा उग्र वास, हातावर रेंगाळलेली ऊब... इतक्या वर्षांनी त्या बाजारातल्या पोरीला कुणीतरी विचारलं होतं.