घड्याळाच्या पाठीवर

शुक्रवारी संध्याकाळी तुझे अप्पा कचेरीतून आले, ते मनगटावर दुसऱ्याचं घड्याळ घालून. तू माझ्या मांडीवर होतीस, सात महिन्यांची. पहिला दात येत होता म्हणून हाताला लागेल ते चावत होतीस. त्यांनी तुला उचललं, तशी तू आधी त्या घड्याळालाच तोंड लावलंस. त्यांनी हात इतक्या झटकन मागे घेतला की तू दचकून रडायला लागलीस.

स्टीलचं आणि सोन्याचं, स्विस घड्याळ. हातात घेतलं तर वाण्याच्या तराजूतलं माप घेतल्यासारखं जड. अशी घड्याळं तोवर मी मासिकांतल्या जाहिरातींतच पाहिली होती. दोन-तीन वर्षांत त्या जाहिराती फार वाढल्या होत्या. खरं सांगते, पहिल्यांदा मला ते त्यांच्या हातावर आवडलं. सर्व्हे खात्यातले भूमापक सुरेंद्र, वडिलांच्या वेळची सायकल चालवणारे, एकदम कुणीतरी मोठा माणूस दिसले. मग मी विचारलं कुणी दिलं, आणि चप्पल काढता काढता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, रंगरावनं.

रंगराव म्हणजे कोळंबी कंपनीचा माणूस. नावावरून आपल्यातला, तमिळ मुलखातला मराठी वाटे, पण होता नेल्लूरकडचा तेलुगू. समुद्राकडच्या गावांतली शेतं घ्यायची, तिथे तळी खणून खारं पाणी भरायचं आणि कोळंबी वाढवून परदेशी पाठवायची, असा तो नवा धंदा. एका गावातली जमीन पडीक आहे, खारवट आहे, जवळ पिण्याच्या पाण्याची विहीर नाही, असा मोजणीचा कागद कंपनीला हवा होता, आणि तो लिहायचा होता तुझ्या अप्पांनी. त्यांनी गावात जाऊन पाहिलं होतं. कमरेइतकं भात उभं होतं, मधोमध विहीर, विहिरीवर बायका. दोन महिने ते कागद अडवून बसले होते. आता सोमवारी तो द्यायचाच होता.

रंगरावनं नोटांचं पुडकं वगैरे काही काढलं नाही. जीपमधून उतरला, स्वतःच्या हातातलं घड्याळ काढलं आणि मानाच्या पाहुण्याला अंगावरचा दागिना काढून द्यावा तसं यांच्या मनगटावर चढवलं. म्हणाला, तळ्यावरचा चिखल बसलाय साखळीत, घरी साफ करून घ्या. ब्रश मऊ असू दे, पाणी कोमट, साबणाचा एकच थेंब. बाजूची चावी उघडायची नाही, नाहीतर आत पाणी जाईल. आणि राख, माती, चिंच, तुमच्या बायका भांड्यांना लावतात त्यातलं काही लावायचं नाही. ओरखडा पडता नये. सोमवारी हातात घालून या, म्हणजे मी समजेन.

"घालणार?" मी विचारलं.

"आधी साफ तर कर," ते म्हणाले, आणि जेवायला बसले. जेवताना मात्र आपणहून बोलत राहिले. मी नाही लिहिलं तर दुसरा कुणी लिहील, माझी बदली होईल दूर तिकडे रामनाडला, इतकं लहान मूल घेऊन तू काय करशील. मी विचारलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ते तिरुवैयारुला आत्याकडे गेले. तू निजलीस. तू निजलीस की घराचा तेवढा एक तास माझा असायचा. एरवी मी त्या तासात डोकं टेकायची. त्या दिवशी वाडग्यात कोमट पाणी घेतलं, तुझा अंगाचा साबण घेतला, आणि तुझे केस विंचरायचा तो मऊ ब्रश. तुझ्या डोक्याला ओरखडा न पाडणारा ब्रश घड्याळाला काय पाडणार, असा माझा हिशेब.

चावी घट्ट बसलेली आहे ना ते आधी पाहिलं. घड्याळ पाण्यात बुडवलं नाही. ब्रशच ओला करून साखळीच्या एकेका कडीतून फिरवत गेले. कड्यांच्या सांध्यांतून काळा चिखल यायला लागला. बारीक, तेलकट. वाडग्यातलं पाणी एवढं काळं होईल असं वाटलं नव्हतं. आणि त्याला वास होता, सडक्या खाऱ्या पाण्याचा. मी पाणी तीनदा बदललं. तिसऱ्या पाण्यालाही तोच वास. मग ब्रश उकळत्या पाण्यात घातला, तरी तुझ्या केसांना पुन्हा लावायचं मन होईना. तो टाकलाच शेवटी.

तुझ्या जुन्या लंगोटाच्या फडक्यानं, न घासता, टिपून टिपून घड्याळ कोरडं केलं. काच, तबकडी, सोनं सगळं लखलखलं. फक्त पाठ राहिली. पाठीवर मधोमध एक मंद डाग होता, कुणीतरी भरड कागदानं घासून काढल्यासारखा. एवढ्या महागाच्या वस्तूला असं कोण घासेल, असं म्हणत मी तो पुसत होते, तेवढ्यात तुझी आजी, वसुमती अम्मा, मागे येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं. देव्हाऱ्यातून कपाळाला लावायच्या विभूतीची डबी आणली. मी म्हटलं, अम्मा, नको, राख लावायची नाही म्हणून बजावलंय. त्या हसल्या.

"राख काय म्हणतेस गे, विभूती आहे. चांदीचे दिवे साठ वर्षं हिनेच उजळत्ये मी. त्या नेल्लूरवाल्यानं दिवा उजळलाय कधी?"

आणि चिमूटभर विभूती त्या डागावर घालून अंगठ्यानं गोल गोल चोळू लागल्या. मी जीव मुठीत धरून बघत होते, आता ओरखडा उठतो. ओरखडा उठला नाही. अम्मांनी फुंकर मारली. वरची पूड उडाली, पण सगळी उडाली नाही. स्टीलमध्ये बारीक बारीक खळगे होते, डोळ्यांना न दिसणारे, त्यांत ती भरून राहिली होती. पांढरे ठिपके. ठिपक्यांची रेघ, रेघेची तमिळ अक्षरं. आपल्या पातेल्यांवर, तांब्यांवर, तुझ्या बारशाच्या वाटीवर असतं तसंच, भांड्यांवर नाव घालणाऱ्याच्या सुईनं घातलेलं.

अम्मांना चष्म्याशिवाय दिसेना. मी वाचलं. चिदंबर.

अम्मांच्या हातातून डबी पडली नाही की काही नाही. त्यांनी झाकण नीट लावलं, डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. तू झोपेत हसत होतीस.

चिदंबर म्हणजे तुझ्या अप्पांच्या आधी त्याच खुर्चीत बसणारे भूमापक. राजवाड्यामागच्या गल्लीतले, आपल्यातलेच. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात कालव्यात सापडले होते. मोपेड काठावर स्टँडवर उभी, शेजारी चपला जोडीनं ठेवलेल्या. पाय धुवायला उतरले आणि घसरले, असं सगळे म्हणाले. त्यांच्या जागेवर अप्पांची नेमणूक झाली तेव्हा आपण देवळात अर्चनाही केली होती.

चार वाजता मी तुला कडेवर घेतलं, घड्याळ फडक्यात गुंडाळून पिशवीत, तुझ्या दुपट्याखाली ठेवलं आणि चिदंबरांच्या बायकोकडे, अंबुजा अक्काकडे गेले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं, तुझ्यासाठी हात पुढे केले. तू गेलीस. तू तेव्हा कुणाकडेही जायचीस.

मी फडकं उलगडलं, घड्याळ पालथं करून दाखवलं आणि रंगरावनं यांना दिलं म्हणून सांगितलं.

त्यांनी घड्याळ जवळ ओढलं. मग एका हातानं तुला धरून दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी त्या अक्षरांवरून फिरवलं, पहिलीतलं मूल फिरवतं तसं.

"नांव मीच घातलें," त्या म्हणाल्या. "भांडीवाला दारांत बसला होता, थोरलीच्या लग्नाचे डबे होते. म्हटलें, हेंही घाल. हे किती रागावले. म्हणाले, वेडे, असल्या घड्याळावर कुणी नांव घालतात काय. मी म्हटलें, घरांत आलेली वस्तू, नांव नको?"

पुढचं त्यांनी तांदळाकडे बघत, हळू आवाजात सांगितलं. चिदंबरांनी रंगरावकडून घड्याळ घेतलं होतं आणि एका गावाचा कागद हवा तसा लिहून दिला होता. वर्षभरात त्या गावची विहीर खारी झाली. गावातली चार माणसं बाटलीत पाणी घेऊन कचेरीत आली आणि त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. त्यांनी त्यातला एक घोट घेतला. त्या रात्री ते जेवले नाहीत. खरं काय ते लिहून कलेक्टरांना देतो म्हणाले, पण आधी त्याचं घड्याळ त्याच्या तोंडावर टाकून येतो, आणि सकाळी मोपेड घेऊन एकटेच निघाले. दोन दिवसांनी सापडले. मनगटावर घड्याळ नव्हतं. पोलीस म्हणाले, पाण्यात गेलं असेल. रंगराव सांत्वनाला आला होता. तो म्हणाला, ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत.

अक्कांनी बोट अक्षरांवरून उचललं.

"म्हणजे पोचले होते," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. तुला माझ्याकडे देत म्हणाल्या, "मला दोन मुली आहेत, मी कुठें बोलणार नाही. तूं मला हें दाखवलें नाहींस. पण तुझ्या नवऱ्याला एकटा पाठवूं नको. सही करूं दे नाहीतर न करूं दे, एकटा नको."

अप्पा रात्रीच्या बसनं आले. मी त्यांना जेवू दिलं, मग घड्याळ ताटाशेजारी पालथं ठेवलं. त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडले, राख का लावली म्हणून. सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना, असं दोनदा म्हणाले. मग अक्कांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. रविवारी सगळा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. तुला खाली ठेवलं नाही. संध्याकाळी त्यांनी मोजणीचा कागद काढला आणि माझ्यासमोर लिहिला. ओलिताची जमीन, भातपीक उभे, पिण्याच्या पाण्याची विहीर एक. सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.

माझ्या मनात आलं होतं, तुला आता सांगते. आलं होतं की म्हणावं, घाला ते हातात, जगाच्या विहिरींचं आपल्याला काय. तुझे दुधाचे ओठ माझ्या खांद्याला लागलेले होते. जिभेवर आलेलं मी गिळलं, आणि बरं केलं की वाईट ते मला अजून कळत नाही.

विभूती आम्ही धुतली नाही. ती मुद्दामच ठेवली.

सोमवारी दहा वाजता आम्ही कचेरीत गेलो, चौघं. अप्पा, अम्मा, मी आणि तू. बायकामुलांना घेऊन कुणी कचेरीत येत नाही. कारकून माना वर करून बघत होते. रंगराव हेडक्लार्क सांबशिवांच्या टेबलाशी कॉफी पीत बसला होता. अप्पांच्या मोकळ्या मनगटाकडे त्याची नजर गेली आणि तिथेच थांबली.

अप्पांनी आधी कागद दिला. मग खिशातून घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि मोठ्यानं तमिळमध्ये म्हणाले की साहेबांची वस्तू चुकून माझ्याकडे राहिली होती, ती सर्वांसमोर परत करतो.

काळ्या करड्या स्टीलवर पांढरं नाव लख्ख दिसत होतं. त्या खोलीतला प्रत्येक माणूस चिदंबरांबरोबर डबा खाल्लेला होता. सांबशिव पुढे वाकले, वाचलं, आणि सरळ होऊन बसले. टाइपरायटर थांबला. आता कुणीतरी विचारील, असं मला वाटलं. हे नाव या घड्याळावर कसं, एवढंच तर विचारायचं होतं. कुणी विचारलं नाही. सांबशिवांनी शेजारची फाइल उचलली आणि हलकेच, जशी काय चुकूनच, घड्याळावर ठेवली.

रंगरावनं कॉफी संपवली. फाइलीखालून घड्याळ काढून घेतलं, पाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि पांढरा झालेला अंगठा रुमालाला पुसला. रागावला नाही. अम्मांना वाकून नमस्कार केला, घर फार टापटिपीचं दिसतं तुमचं, म्हणाला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि तुझ्या गालाला एक बोट लावलं. तू हसलीस. तू त्याचं बोट धरलंस आणि तोंडाकडे ओढायला लागलीस.

"बाळाचं नाव काय?" त्यानं विचारलं.

मी तुला घट्ट धरून अम्मांच्या मागे सरकले. पण आपल्या घरात बाळाचं नाव कुणी विचारलं तर ते न सांगणं म्हणजे उद्धटपणा; अम्मा जन्मभर तसंच वागत आल्या होत्या. त्यांनी तुझं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि कितवा महिना तेही सांगितलं.

"नित्या," तो म्हणाला. आणि जीपकडे जाताना पुन्हा एकदा, हळूच, स्वतःशी, नवीन पत्ता पाठ करावा तसा, "नित्या."