जहाज चुकलेला भोपळा

मी भोपळा बोलतोय, टोंगाच्या मातीतला. हिरवा, गोल, अंगाने घट्ट. सध्या मोसेसेच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला टेकवून ठेवलंय. दार दिवसभर उघडं असतं आणि मी जागचा हलू शकत नाही.

माझं बी जपानमधून आलं, खत न्यूझीलंडहून. मला खाणारेही जपानीच. इथली माणसं मला डुकरांचं खाणं समजतात. तरी मला गर्व होता. एवढ्याशा बेटावरून आम्ही जगाच्या बाजारात निघालो होतो! वेलींना पाणी घालताना मोसेसे म्हणायचा, "हे विकले गेले की फळं तोडायला पुन्हा ऑस्ट्रेलियाला जायचं नाही. घरीच राहीन."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात," त्याची मुलगी लुपे चिडवायची.

आम्हाला पुसून पेट्यांत कोंबलं आणि धक्क्यावर नेलं. आत अंधार, अंग हलवायला जागा नाही. जहाज शनिवारी यायचं होतं, ते आलं रविवारी, नेमकं चर्चच्या घंटा वाजताना. रविवारी इथे काम करणं म्हणजे पाप, आणि कायद्याने गुन्हासुद्धा. कप्तान म्हणाला, "आज भरा, नाहीतर मी निघालो."

"उद्या पहाटेच भरतो की!" मोसेसे गयावया करू लागला.

लुपेचा पारा चढला. "बाबा, मेक्सिकोचे भोपळे रविवारीही जहाजात चढतात. त्यांचा देव काय सुटीवर असतो?"

"तोंड आवर, पोरी. चल, प्रार्थनेला उशीर होतोय."

पेटीच्या फटीतून मी जहाज जाताना पाहिलं. ओरडावंसं वाटलं, पण भोपळ्याचं ऐकतो कोण? पुढचं जहाज येईपर्यंत मेक्सिकोच्या मालाने जपानचा बाजार भरला. व्यापाऱ्याने हात झटकले. माझी भावंडं डुकरांनी फस्त केली आणि मोसेसेने पुन्हा ऑस्ट्रेलियासाठी बॅग भरली.

लुपे, तू रोज मला पायाने सरकवतेस. माझं बूड मऊ पडत चाललंय गं. सडण्याआधी एकदा मला काप, नारळाच्या दुधात शिजव. परक्यांसाठी पिकवलेलं किती गोड असतं, ते तुम्हाला कळू तरी दे.

परवा संध्याकाळी मोसेसेचा फोन आला.

"आज काय तोडलंत, बाबा?"

तो हसला. "भोपळे."

लुपेही खळखळून हसली. मग एकदम थांबली. "पण बाबा, आज रविवार आहे."

"ठेवतो, पोरी," म्हणत त्याने घाईने फोन ठेवला. लुपेने मला पायाने बाजूला सारलं आणि दार लावून घेतलं.