अष्टग्रहीचं पाणी

"मान नीट धर ना रे. लटकतेय."

बायडी म्हातारी अंगणात आडवी झाली होती. तिचं डोकं थोरल्या मुलाच्या, मंगळूच्या मांडीवर होतं. दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं आणि म्हातारी ठणठणीत होती. सकाळीच डोंगरातून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतरली होती. तरी डोळे मिटून, हात छातीवर ठेवून ती मरायला टेकलेल्या माणसासारखी पडली होती, आणि मंगळू पळसाच्या पानात पाणी धरून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आये, तुला कायबी झालं नाय."

"आज नाय, उद्या व्हनार. सगळ्यांनाच व्हनार. मंग कोन कोनाला पाजंल? वत."

१९६२ सालच्या पौषातली ही गोष्ट. अवसेला आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, ही बातमी म्हशाच्या जत्रेतून वाडीत आली होती. यंदा जत्रेत बैलांपेक्षा याच बातमीला जास्त गिऱ्हाईक होतं म्हणे. मुरबाडला होम चालले होते, शहापूरला मांडव पडले होते. ज्यांच्याकडे तूप होतं त्यांनी ते अग्नीत ओतलं. डोंगराला चिकटलेल्या कातकऱ्यांच्या या वाडीत तूप कोणाकडे असणार? वाडीने कोंबड्या कापल्या. मागे काही ठेवून उपयोग नव्हता, म्हणून बियाण्याची नागलीसुद्धा दळून भाकऱ्या केल्या. पोटभर जेवून मरायचं, एवढी चैन तरी त्यांच्या नशिबात आली होती.

अडचण होती ती शेवटच्या पाण्याची. माणूस जायला लागलं की थोरल्या मुलाने डोकं मांडीवर घ्यायचं आणि पळसाच्या पानातून तोंडात पाणी सोडायचं, अशी वाडीची रीत. हे पाणी थोरल्याच्याच हातचं लागतं, आणि ते एकदाच घ्यायचं. ज्याला ते मिळत नाही तो जीव तहानेने वखवखत पाणवठ्याभोवती फिरत राहतो. पण सगळेच एका क्षणी मेले तर कोण कोणाला पाजणार? धोंडी नाईक वाडीचा कारभार बघायचा. त्याने दोन दिवस डोकं खाजवलं आणि निवाडा दिला: "आवसेच्या आदल्या दुपारीच ज्याचं त्याला पाजून मोकळं व्हा. आन् रुसवेफुगवे मिटवा. मरनाऱ्यानं मरनाऱ्याला वाळीत ठेवून काय मिळनार हाय?"

वाळीत वाडीत एकच घर होतं, मंगळूचं.

चार वर्षांपूर्वी त्याची बायको भिमी तापाने फणफणली होती. भगताने कोंबडं मागितलं, मग बोकड मागितला, मग हात वर केले. मंगळूने तिला पाठीवर घेतलं आणि मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईने भिमीच्या उशाशी बसून, तिचं डोकं हाताने उचलून तिला पाणी पाजलं. कातकऱ्याच्या बाईला! मंगळूने आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. औषधाने भिमी बरी झाली, पण मंगळू जो बाटला तो त्या पाण्यापायी. शहापूरचे प्रचारक दावीद मास्तर यांनी त्याचं नाव स्तेफन ठेवलं. वाडीला ते उच्चारता येईना, आणि उच्चारायची वेळही आली नाही, कारण त्याच आठवड्यात त्याच्याशी बोलणं बंद झालं. त्याला ओहोळावर सगळ्यांच्या खालच्या अंगाला पाणी भरावं लागे. कोळशाच्या भट्टीवर कोणी त्याचा जोडीदार होईना. धाकटा भाऊ कमळू शेजारच्याच खोपटात आईला घेऊन राहायचा, तोही समोर आला की थुंकायचा.

दावीद मास्तर सायकल मारत यायचे आणि धीर द्यायचे. पहिल्या शिष्यांचे कसे हाल झाले ते सांगायचे. त्यांना सिंहापुढे टाकलं, जिवंत जाळलं, ते भुयारात लपून प्रार्थना करत. "आणि तुझं नाव ज्याचं आहे त्या स्तेफनाला दगडांनी मारलं. मरताना त्याला आभाळ उघडलेलं दिसलं. तू भाग्यवान आहेस, स्तेफन."

"मास्तर, शिंव्हानं खाल्लं तर एकडाव खातो. हितं रोज सकाळी उठून कोनी बोलत नाय," मंगळू म्हणाला होता. मास्तर म्हणाले होते, प्रभू लवकरच येणार आहे. हे ऐकून मंगळूला बरं वाटे. पण प्रभू कुठून तरी आभाळातून येणार, आणि त्याची आई पाच हातांवरच्या खोपटातून येत नव्हती, याचं काय करायचं ते त्याला कळत नसे.

आणि आज ती आली होती.

"वत ना रे. डोळ्यावर ऊन येतंय माज्या."

मंगळूने पान तिरकं केलं. पाणी तिच्या ओठांवर पडलं, थोडं गळ्याकडे ओघळलं. म्हातारीने ते गिळलं. पहिल्या घोटाला तिला ठसका लागला तशी ती डोळे न उघडताच पुटपुटली, "मेल्यालाबी ठसका लागतो बघ." मंगळूला हसू आलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पान रिकामं झालं तरी ती उठेना. डोकं तसंच मांडीवर ठेवून पडून राहिली.

"गोड हाय रे तुज्या हातचं," ती म्हणाली. "चार वर्सं तुला पाठ दावली मी. कमळूच्या भ्यानं. नाईकाच्या भ्यानं. आता भ्यायचं कोनाला?"

त्या दिवशी सगळी वाडी मंगळूच्या अंगणात लोटली. भिमीने रांधलेलं सगळ्यांनी खाल्लं. धोंडी नाईकाने त्याला मिठी मारली आणि दारूच्या वासाचा हुंदका दिला. कमळू आला, थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला, मग भावाच्या थाळीतच जेवायला बसला. "दादा," तो म्हणाला. चार वर्षांत वाडीतल्या कोणी मंगळूला हाक मारली नव्हती. जग बुडायचंच असेल तर आत्ता बुडू दे, याच घासाला बुडू दे, असं त्याला मनापासून वाटलं. एवढी उत्कट प्रार्थना त्याने मिशनच्या देवळात कधी केली नव्हती.

प्रार्थना ऐकली गेली नाही. सगळे कोंबडे कापले गेल्यामुळे अवसेच्या सकाळी वाडीत बांग झाली नाही, पण सूर्याला बांगेची गरज नव्हती. तो उगवला, डोक्यावर आला आणि मावळला. दुसऱ्या दिवशीही उगवला. म्हातारी दोन्ही रात्री मंगळूच्या खोपटात झोपली होती. दुसऱ्या सकाळी ती दारात आली, उन्हाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उजाडलं की रे." मग मंगळूकडे न बघता अंगण ओलांडून निघून गेली.

धोंडी नाईकाने दुपारी वाडी गोळा केली. ख्रिस्तावाच्या घरचं खाल्लं म्हणून सगळ्यांना राख कालवलेलं पाणी पाजलं. अष्टग्रहीच्या भीतीने ज्यांनी ज्यांनी शेवटचं पाणी घेतलं होतं ते सगळं पुसलं, धरायचं नाही, असं जाहीर केलं. मंगळू लांब उभा राहून बघत होता. कमळू परत येताना त्याला आडवा गेला.

"कमळू, परवा जेवलास ना रे माज्या थाळीत?"

"परवा मरायचं व्हतं," कमळू म्हणाला. "आता जगायचंय."

पुढच्या पावसात पेरायला बियाणं नव्हतं, खुराड्यात एक कोंबडी नव्हती. कोणावर तरी राग काढायला हवा होता. तो कोणावर निघाला ते सांगायला नको. मंगळूने शहापूरला जाऊन दावीद मास्तरांपुढे मन मोकळं केलं. मास्तरांचा चेहरा काळवंडला. ग्रहांच्या भीतीने मूर्तिपूजकांचा विधी केलास? जिवंत माणसाला शेवटचं पाणी पाजलंस? त्यांनी त्याला देवळातल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला बसायची मनाई केली, मनापासून पश्चात्ताप होईपर्यंत. मंगळूने खूप प्रयत्न केला, पण त्या पाण्याचा पश्चात्ताप काही त्याला होईना. इकडे वाडीने पाणी तोडलं, तिकडे देवळाने भाकर तोडली. जगाचा अंत सगळ्यांना वगळून एकट्या मंगळूच्या वाट्याला आला होता.

तीन वर्षांनी, वैशाखात, बायडी म्हातारी खरंच मरायला टेकली.

भिमीने ओहोळावर बायकांचं बोलणं ऐकलं आणि धावत येऊन सांगितलं. मंगळू तडक कमळूच्या दारात गेला. अंगणात वाडीतली माणसं बसली होती, त्यांनी माना फिरवल्या. कमळू दारात आडवा उभा राहिला. त्याच्या हातात पळसाच्या पानात पाणी होतं.

"आत येऊ दे. थोरला हाय मी. पानी माज्या हातचं लागतं."

"तुजं पाजून झालंय."

"ते नाईकानं पुसलं ना?"

"आमचं पुसलं," कमळू म्हणाला. "तू वाडीत हायेस कुठं तुजं पुसायला? तू दिलंस, तिनं घेतलं, झालं. आता मी देनार."

धोंडी नाईकाने मान डोलावली. निवाडा बिनतोड होता. मंगळू खाली बसला, उन्हातच. कुडाच्या भिंतीपलीकडे आईचा घशात घरघरणारा श्वास ऐकू येत होता. आत कमळू म्हणत होता, "आये, तोंड उघड." मग पुन्हा, "आये, उघड की गो. पानी हाय."

म्हातारीचा आवाज आला. तुटका होता, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"मंगळ्याचं पुसलं नाय म्हनतोस ना?"

"नाय."

"मंग माजं झालंय. दोनदा नाय घेत."

कमळूने विनवलं, ओरडला, मग रडायला लागला. अंगणातलं कोणी जागचं हललं नाही. वैशाखाच्या त्या उन्हात म्हातारीचा घसा किती कोरडा पडला असेल, याचा विचार मंगळूला करवेना. आईने आपली बाजू घेतली याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला वाटत होतं, आत घुसावं आणि तिच्या पाया पडून म्हणावं, घे गो आये, त्याच्या हातचं घे, कोणाच्याही हातचं घे. पण उठायला गेला तेव्हा नाईकाने काठी आडवी धरली.

थोड्या वेळाने घरघर थांबली.

कमळू बाहेर आला. पान अजून त्याच्या हातात होतं, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं. अंगणात इतकी माणसं होती, पण तो भावाच्या समोर येऊन उभा राहिला.

"वठ मिटून घेतले रे तिनं," तो म्हणाला. "दाबून मिटले."

कमळू मंगळूसमोर मातीत बसला. दोघांच्या मधे ते पान होतं, त्यातलं पाणी उन्हाने तापत होतं, आणि ते कुठे टाकायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.