जुन्या बोलीचे दोघे

चपलांचे तळ कापणारं मशीन आठवडाभर ढिम्म हललं नव्हतं, आणि आज चार वाजता भंगारवाला येणार होता. त्या मशीनवर बावीस वर्षं काढलेली मावशी कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. मालक सगळ्यांदेखत बोलून गेला होता, "बाईंनीच भलतं बटण दाबलं असणार." झालं! तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

तिची भाची नेटवर्कची कामं करायची. भारी चौकस पोरगी, लहानपणी घरातला एक रेडिओ धड ठेवला नाही. तिनं लॅपटॉप जोडला आणि पडद्यात डोकं खुपसलं.

"मावशी, हे मेलेलं नाही गं! दर दहा सेकंदांनी हाक मारतंय."

"कुणाला?"

"तेच तर बघायचंय."

मागच्या आठवड्यात कुणी एक शहाणा येऊन नेटवर्कचे दोन भाग करून गेला होता. ऑफिस वेगळं, कारखाना वेगळा, एकीकडची हाक दुसरीकडे पोचायची नाही. खोल्या बघून वाटणी केली. कोण कुणाशी बोलतं हे विचारायची तसदी कोण घेतो? कॉम्प्युटरच्याही बोली असतात, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. या मशीनची बोली नव्या कॉम्प्युटरांनी कधीच सोडून दिलेली.

सगळ्या वायरी ज्या पेटीत येतात त्या नेटवर्क स्विचला भाचीनं नवा नियम घालून दिला: खोली बघू नकोस, बोली बघ. ही जुनी बोली बोलणारे जिथे असतील तिथून एका गटात घे. गटात एकटं मशीनच निघणार असं तिला वाटलं होतं. यादीत दोघं आले.

"अगं बाई! हा दुसरा कोण?"

दुसऱ्याची वायर थेट मालकाच्या केबिनमध्ये जात होती. साडेतीन वाजले होते. दोघी न विचारताच आत घुसल्या आणि भाची टेबलाखाली वाकली.

"साहेब, जरा पाय उचला."

पायाखाली धुळीनं माखलेला एक डबा होता, जुना छोटा कॉम्प्युटरच. रंगकामाच्या वेळी मालकानंच तो इथे आणून ठेवला होता आणि विसरला होता. तळांची सगळी मापं त्याच्याच पोटात. मशीन त्यालाच हाका मारत होतं. डब्यावरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता, आणि तेवढ्यात कारखान्यातून ओळखीचा आवाज आला. खटाक. खटाक.

"म्हणजे ते बटण..." मालक चाचरला.

मावशीचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"आता हे बाहेर येऊन सांगा. सगळ्यांदेखत."