थेक्लाचं जाळं

मी एक जाळं बोलतोय. दचकू नका. माझ्या दोऱ्यांत सापडलेलं पाखरू मरायला नव्हे, सुटायला सापडायचं. निदान सुरुवातीची वर्षं तरी.

सायप्रस बेटावरच्या एका गावात थेक्ला पक्ष्यांचा अभ्यास करायची. सकाळी ती मला डाळिंबांच्या बागेत दोन काठ्यांमध्ये ताणायची. पाखरू माझ्या झोळात पडलं की धावत यायची. आधी पाय सोडवायचे, मग पंख. कापडी पिशवीत घालून तोलायचं, पायात नंबराचं इवलंसं कडं चढवायचं आणि ओंजळ उघडायची.

काठ्या धरायला लोइझोस मामा असायचा. बाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलेलं. वारा फिरला की पाखरं कुठून येतात, हे त्यानेच शिकवलेलं. वसंतात ती काळ्या टोपीच्या पाखराचं गाणं रेकॉर्ड करत होती, तेव्हा मामा सारखा चुळबुळत होता.

"मामा, हलू नको ना रे!"

"माझी हाडं वाजतात पोरी, त्यांना सांग!"

ते गाणं तिने कौतुकाने मामाच्या फोनवरही पाठवलं.

शरदात थेक्ला लार्नाकाच्या खाऱ्या तळ्यावर रोहित पक्षी मोजायला गेली. मला मामाच्या हवाली केलं.

मामाने माझी घडी उलगडली. बागेत मला ताणलं, झाडात स्पीकर टांगला आणि तेच गाणं लावलं. दूरवरून थकून आलेली पाखरं आपल्या जातीची हाक ऐकून खाली उतरली. मी त्यांना नेहमीसारखं अलगद झेललं. मग मामा आला आणि एकेकाची मान मुरगळून बादलीत टाकू लागला. गावातल्या खाणावळीत दार लावून ही पाखरं चवीने खाणारे खूप. मी आपला वाट बघतोय, आता पिशवी येईल, आता कडं येईल.

तळं अजून कोरडंच होतं, म्हणून थेक्ला लवकर परतली. रस्त्यावरूनच तिला गाणं ऐकू आलं. शरदात ही पाखरं असं गात नाहीत. ती थबकली. गाणं संपता संपता तिचाच आवाज आला, "मामा, हलू नको ना रे!"

ती धावतच बागेत शिरली.

"ओरडू नकोस," मामा म्हणाला. "गावात कोण नाही धरत? तुझी आजी हेच खाऊन मोठी झाली."

"माझ्या जाळ्यात, मामा? माझ्या आवाजावर?"

मामाने बादली पायाने मागे सरकवली.

जिवंत होती तेवढी तिने सोडवली. मग तिने पोलिसांना फोन केला. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

पण खटला उभा राहिला आणि तिच्या आईने अन्न सोडलं. "माझा भाऊ तुरुंगात गेला, तर तू मला मेलीस," एवढंच ती म्हणायची.

कोर्टात मला उलगडून धरलं. माझ्या कडेला थेक्लानेच हिरव्या दोऱ्याने घातलेले टाके होते.

"हे जाळं तुमचंच ना?"

तिने टाक्यांवरून नजर फिरवली. "सांगता येत नाही. अशी जाळी सगळी सारखीच दिसतात. बागेत कोण होतं, तेही नीट दिसलं नाही."

मामा सुटला. दारात आईने दोघांना कवटाळलं. मामाचं मला तितकंसं वाटत नाही. पण थेक्लाची बोटं मी अंधारातही ओळखली असती.

आता मी कोर्टाच्या तळघरात पोत्यात पडून आहे. कधी कुणी पोतं सोडलंच, तर मला खुशाल जाळा. फक्त त्याआधी माझ्या झोळात अडकलेली पिसं काढून घ्या. त्यांना तरी मोकळं करा.