टालापर्यंतची आई

लाकडाच्या टालापाशी आल्यावर मैनाबाईने पोरीचा हात सोडला.

"आता समोर हो. शाळंत मी तुही कोण?"

"बाई," पुष्पलता म्हणाली.

"अन् कोणी इचारलं, तुही आई कुठी राह्यते?"

"घरी."

"शहाणी माही पोर."

पुष्पलता दप्तर हलवत पुढे गेली. ती वळणाआड होईपर्यंत मैनाबाई सागाच्या ओंडक्यांपाशी उभी राहिली आणि मग निघाली. शाळा उघडल्यापासून रोज हे असंच चाललं होतं.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरातलं ते हिंदी बालमंदिर म्हणजे वकील, ठेकेदार आणि राइसमिलवाल्यांच्या पोरांचं. मास्तरणीला तिथे बहनजी म्हणत, आणि झाडणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, पोरांची नाकं पुसणाऱ्या मैनाबाईला नुसतं बाई. नवरा शालिकराम तापाने गेल्यावर विमला बहनजींनी तिला कामावर घेतलं आणि पोरीचं नावही शाळेत घातलं. बहनजी भल्या होत्या. नातं लपव, असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. ही अक्कल मैनाबाईची स्वतःची. झाडणारीची पोर म्हटलं की बाकीची तिला चटईच्या काठाला बसवतील, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती स्वतः जन्मभर काठालाच बसली होती.

घरी मात्र वेगळा कायदा. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा सासऱ्याने, महागूने, घरातले सगळे देव नेऊन वैनगंगेत सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. तेव्हापासून दिवेलागणीला मेणबत्ती लावायची, पंचशील म्हणायचं, चुकवायचं नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पुष्पलता ते सगळ्यांत खणखणीत म्हणायची आणि मैनाबाईचा ऊर भरून यायचा. आता बघा, सकाळची शिकवण पोरीच्या भल्यासाठी आणि संध्याकाळचीही भल्यासाठीच. मग त्या दोन्हींचं आपसात भांडण लागेल, हे तिच्या ध्यानात यावं तरी कसं?

त्या दिवशी जबलपूरहून एक मॅडम शाळा बघायला आल्या होत्या. लहान मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या, म्हणे.

"छोटा बच्चा सज़ा के डर से झूठ बोलता है," त्या विमला बहनजींना समजावत होत्या. "डर निकाल दीजिए, सच अपने आप बाहर आएगा."

बहनजी मान डोलावत होत्या. तेवढ्यात ओसरीत खळ्ळकन आवाज झाला. पाहुणीच्या सरबतासाठी काढलेला काचेचा गिलास फुटला होता. पुष्पलता पाणी प्यायला गेली होती, तिचं कोपर लागलं. मोरीच्या दारातून मैनाबाईने हे डोळ्यांनी पाहिलं. आणखी कोणी नव्हतं तिथे. पोरगी चटकन आत जाऊन चटईवर बसली.

मॅडमना तर आयतंच सापडलं. सगळ्या मुलांना गोल बसवून त्या म्हणाल्या, "किसी को डांट नहीं पड़ेगी. बस, सच बताना है. गिलास किसने तोड़ा?"

मैनाबाई दारात केरसुणी धरून उभी. सांग, ती मनातल्या मनात म्हणत होती, सांग वं माह्ये माय, कोणी मारत नाही तुले.

पुष्पलता उठली. तिने दाराकडे बोट केलं.

"बाई ने तोड़ा."

सगळ्या माना वळल्या.

"क्यों, बाई?" मॅडमनी विचारलं.

"हौ जी," मैनाबाई म्हणाली. "माह्या हातून फुटला."

मॅडम खूश! "देखा? बड़ों का नाम लेने से भी नहीं डरी." त्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी वाजवल्या, आणि पुष्पलताच्या हातावर पेपरमिंटची गोळी पडली. विमला बहनजींनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा मैनाबाईकडे. पाहुणीसमोर काय बोलणार त्या! मैनाबाई ओसरीत खाली बसून काचा वेचू लागली.

शाळा सुटल्यावर टाल ओलांडून घराकडच्या बाजूला पोरगी थांबली होती. आईचा हात तिने आपणहून धरला.

"आई, हे घे. अर्धी गोळी तुह्यासाठी ठेवली."

मैनाबाईने गोळी घेतली नाही. "माहं नाव काहून सांगतलं वं तू?"

पुष्पलताला खरंच नवल वाटलं. "तुहं कुठी सांगतलं? बाईचं सांगतलं."

"बाई कोण हाये मंग?"

"शाळंत तू माही कोणीच नाही ना? तूच तं म्हणते."

मैनाबाईला राग आला आणि रडूही आलं. मारावं तर पोरीने आईचा शब्दच पाळला होता.

"उद्यापासून शाळंत बी मले आईच म्हण," ती म्हणाली. "साऱ्याइच्या समोर."

"नाही."

"काहून?"

"मंग मी खोटी ठरन. माह्यासाठी टाळ्या वाजवल्या ना मॅडमनं."

दिवेलागणीला दोघी तसबिरीसमोर बसल्या. चौथ्या शीलापाशी मैनाबाई मेणबत्तीची वात सारखी करू लागली. पुष्पलता एकटीच पुढे म्हणत गेली, नेहमीसारखी खणखणीत, कुठेही न अडखळता.

दुसऱ्या दिवशी टाल आला तरी मैनाबाईने हात सोडला नाही. घट्ट धरून ती चालत राहिली. पुष्पलता थांबली. तिने मागेपुढे पाहिलं आणि आपली बोटं हळूच सोडवून घेतली.

"छोड़ो ना, बाई," ती म्हणाली, आणि दप्तर हलवत पुढे गेली.

ती वळणाआड होईपर्यंत मैनाबाई सागाच्या ओंडक्यांपाशी उभी राहिली, आणि मग निघाली.