गुडघ्यावरचं बोट

आत्याने मला सुईणीचं काम शिकवायला घेतलं तेव्हा पहिली बाळंतीण म्हणून मला एक उशी मिळाली. दोन महिन्यांत मी त्या उशीची एकतीस बाळंतपणं केली. सगळी सुखरूप. उशीची काही तक्रार नव्हती आणि तिचा नवरा मध्ये मध्ये लुडबुडत नव्हता.

मग कानाची पाळी आली. आत्याकडे एक वीतभर लाकडी नळी होती, दोन्ही टोकांना पसरट. एक टोक आईच्या पोटावर, दुसरं आपल्या कानाला, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. सरावासाठी तिने मला घरातली एकेक वस्तू ऐकायला लावली.

"फ्रिज काय म्हणतोय?"

"घरघरतोय."

"मिनिटाला किती?"

"आत्या, फ्रिज आहे तो."

"उद्या आई विचारेल, बाळ कसं आहे. तिला काय सांगणार, घरघरतंय?"

एकदा मी मांजराच्या पोटाला नळी लावली, वेगवेगळे ठोके मोजले आणि आत तीन पिल्लं असल्याचं जाहीर केलं. मांजर बोका निघालं. आत्याने ही बातमी महिनाभर घरोघरी पोचवली.

तिची एक पद्धत मात्र मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. नळीने ऐकताना ती डाव्या हाताचं बोट आईच्या गुडघ्यावर वाजवायची. आत जसा ठोका पडेल तसं बाहेर बोट. मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास, भराभरा. क्षणापूर्वी नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बायका त्या बोटाकडे बघून गप्प व्हायच्या. "नियम एकच," आत्या म्हणायची. "कानात आलं तेवढंच बोटात. पदरचं काही घालायचं नाही, गधडे."

गेल्या वर्षभरात लोक पुटपुटायला लागले, असं आत्याचं म्हणणं होतं. आधी फक्त लोक. मग टीव्ही, दाराची बेल, कुकर. एकदा अग्निशमन दलाची गाडी आमच्या खिडकीखालून पुटपुटत गेली. मी पोट धरून हसले. ऐकू कमी येणं हा तेव्हा मला विनोदाचा विषय वाटत होता.

मग पडदे शिवणारीचे दिवस भरले. तिची खोली एवढीशी. शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं, सुईखाली अर्धा पडदा तसाच. सकाळी नऊला आत्याने नळी लावली आणि बोट वाजवलं. एकशे चाळीस. मग नळी माझ्या हातात दिली. "आता तू."

मी कान लावला. काहीच नाही. नळी सरकवली. तरी काही नाही. पडदेवाली माझ्या बोटाकडे बघत होती. आत्यासुद्धा. मी मनात म्हटलं, बोक्याच्या पोटात तीन पिल्लं ऐकणारी मी. आत्याच्या तीस वर्षं ठोके ऐकलेल्या कानापुढे माझा कान तो काय! माझं बोट उचललं गेलं आणि वाजू लागलं. एकशे चाळीस. पडदेवाली हसली.

बाराच्या सुमारास मुलगी झाली. ती रडली नाही. बोलावून आणलेले डॉक्टर म्हणाले, ठोका बहुतेक पहाटेच थांबला असावा, असं कधी कधी होतं, दोष कुणाचाच नाही. फार सज्जन माणूस. त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं मला.

घरी परतताना हिशेब लागला. आत्याचं बोट ऐकत नव्हतं, ते नुसतं आठवत होतं. आणि माझं तिची नक्कल करत होतं. आत्याला मात्र वाटत होतं की दोघींनी ऐकलं. तेवढ्यावरच ती जेवत होती, झोपत होती. तिच्या कानाचं सांगायचं तर माझ्या बोटाचंही सांगावं लागणार होतं. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. तीन आठवडे आम्ही फ्रिजइतकंच बोललो.

त्यानंतर बेकरीवाल्याची बायको. घर बेकरीच्या वरच्या मजल्यावर, खालच्या भट्टीने फरशी कोमट. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात. दर दहा मिनिटांनी वर येऊन विचारायचा, "झालं का?"

"तुमच्या भट्टीत ठेवलंय का, झालं का म्हणून विचारताय?" त्याची बायको म्हणाली आणि पुढची कळ आल्यावर किंचाळली.

कळ ओसरली. आत्याने नळी लावली. बोट वाजलं. एकशे चाळीस. "मस्त आहे," ती म्हणाली. "आता तू."

मी एका हाताने बाईची नाडी धरली, आईचा ठोका बाळाचा समजायचा नाही म्हणून. नाडी शंभर. नळीत मात्र सावकाश, जड पावलांनी कुणी जिना चढावं तसं काहीतरी. मिनिटाला जेमतेम सत्तर. मी थांबले. पुन्हा मोजलं. सत्तरच.

नळी माझ्या कानाला असूनही गुडघ्यावर आत्याचं बोट अजून वाजत होतं. मी शेजारी माझं बोट ठेवलं आणि सत्तरने वाजवायला सुरुवात केली.

बाईने दोन्ही बोटांकडे पाहिलं. "यातलं माझं कुठलं?"

आत्या माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग तिचं बोट हळू झालं, अडखळलं, थांबलं. "हिचं," ती म्हणाली. "गाडी बोलवा. लगेच."

रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच आत चढला. तासाभराने त्याचा फोन आला. ऑपरेशन झालं, मुलगा, उशिरा रडला पण रडला.

आम्ही दोघी बेकरीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि आत पाव करपत होते. मी बातमी दोनदा ओरडून सांगितली, तेव्हा कुठे आत्याने मान हलवली. रांगेतल्या एका आजोबांनी माझं अभिनंदन केलं.

तिने नळी पदराने पुसली. मग म्हणाली, "माझं बोट चुकत होतं."

"हो," मी मान डोलावली.

"कधीपासून?"

मी रांगेकडे पाहिलं.

"पडदेवालीच्या वेळी तूही ऐकलं होतंस ना?"

मी तोंड उघडलं. पण तिला ऐकू जाईल असं बोलायचं तर अख्ख्या रांगेला ऐकू गेलं असतं. ते तिलाही कळलं. तिने गुडघा माझ्याकडे सरकवला.

"बोटाने सांग. तुझ्या कानात आलं होतं तेवढंच."

मी बोट उचललं आणि तिच्या गुडघ्याच्या वर धरलं. ते खाली टेकवलं नाही. आत्याने पदर सारून मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग बोट, मग पुन्हा घड्याळ. सेकंदकाटा एक पूर्ण फेरी फिरेपर्यंत ती तशीच बघत राहिली. मी बोट हलू दिलं नाही.

"झालं मिनिट," ती म्हणाली, आणि नळी माझ्या मांडीवर ठेवून पडदेवालीच्या घराच्या दिशेने चालू लागली.